आईच्या अंगठीतलं माणिक एका दुपारीत पांढरं पडलं. बिलावर ‘हीटेड’ लिहिलंय. म्हणजे नक्की काय?

कंबर तलाव

मंडळी, तीन दिवस घरात हा एकच विषय चाललाय, म्हणून इथं लिहितेय.

आई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिनं स्वतःच्या पैशातून स्वतःसाठी एकच मोठी वस्तू घेतली, माणकाची अंगठी. सोलापुरातल्याच एका सराफाकडून. नाव लिहीत नाही, आणि कृपया कुणी अंदाजही बांधू नका. सात वर्षं ती बोटातून निघाली नाही, भाकरी थापतानासुद्धा नाही. आता संधिवातानं पेर सुजलाय, अंगठी रुतायला लागली, म्हणून गेल्या आठवड्यात त्याच दुकानात माप वाढवायला दिली. कारागिरानं कडं कापलं, तुकडा घातला, डाख दिला, तेजाबात टाकून साफ केली. संध्याकाळी आणायला गेले तर माणिक ओळखू येईना.

पिंपळपानाच्या शिरा दिसतात तसं पांढऱ्या रेषांचं जाळं वरपर्यंत आलंय. एका कडेला नख फिरवलं की खरखर लागतं. कोंदणाच्या आत दोन बारीक थेंब थिजल्यासारखे दिसतात, मोहरीपेक्षाही लहान. आधी ते नव्हते, माझ्याकडे जुने फोटो आहेत.

दुकानदार म्हणाले, “ताई, बिलावर हीटेड लिहिलंय की. हीटेड माल नाजूक असतो, त्यात आमची चूक नाही.” बिलावर खरंच लिहिलंय: माणिक (हीटेड), ५.२५ रत्ती, ४२,००० रुपये. प्रमाणपत्र नव्हतं, आम्हीही मागितलं नव्हतं.

आई काही बोलत नाही. अंगठी डबीत ठेवून दिलीय तिनं. पण मला एक कळत नाही. जो खडा आधीच भट्टीतून निघालाय, त्याला सोनाराच्या फुंकणीचं काय भय? जाणकारांनी सांगावं.

शेंगाचटणी

वाचून वाईट वाटलं ताई. बिल, फोटो, अंगठी तिन्ही जपून ठेवा. माझ्या बायकोच्या नीलमच्या बिलावर हाच शब्द आहे. तेव्हा आम्ही काही विचारलंच नाही. वाचतोय.

दहापट

ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या प्रश्नातच आहे. मी मुंबईत रत्नपरीक्षा शिकलो, तिथंच बरीच वर्षं काम केलं, आता सोलापुरात परत आलोय. खडा समोर नसताना निकाल द्यायचा नसतो, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते मी आजवर इतक्या वेळा बघितलंय की बोलल्यावाचून राहवत नाही.

माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची भावंडं. कुरुंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यात क्रोमियम असलं की लाल, लोह आणि टायटॅनियम जोडीनं असलं की निळं. कुरुंद वितळतं २०४० अंशांच्या आसपास. खडे तापवायच्या भट्ट्या चालतात कमीअधिक, पण पंधराशे ते अठराशे अंश ही नेहमीची गोष्ट, आणि खडा तिथं तासन् तास असतो. सोन्याचा डाख वितळायला सातशे-आठशे अंश पुरतात. भट्टीत जे माणिक टिकलं त्याचा रंग डाखानं उडत नाही. आग बेसुमार लागली तर ते तडकू शकतं, हे खरं. पण शिरा उमटणं आणि थेंब जमणं हे त्याचं लक्षण नाही.

तुमच्या अंगठीत माणिक बिघडलं नाही. माणकाच्या भेगांत भरलेली काच बिघडली. कोंदणाजवळचे ते दोन थेंब म्हणजे आतून बाहेर आलेली काच. आणि पांढऱ्या शिरा म्हणजे तेजाबानं खाल्लेली काच, जिच्याखालच्या खऱ्या भेगा आता उघड्या पडल्यात.

हा माल २००४ च्या सुमाराला बाजारात आला. मादागास्करमध्ये आंदिलामेना नावाचा भाग आहे, तिथं माणिक भरपूर निघालं, पण त्यातलं बरंचसं भेगांनी इतकं भरलेलं की आरपार दिसतच नाही. असा खडा तेजाबात स्वच्छ करायचा, मग शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या काचेची पूड लावून साधारण ९०० अंशांच्या आसपास तापवायचा. काच पातळ होऊन भेगांत शिरते. शिशाच्या काचेतून प्रकाश जवळपास तितकाच वाकतो जितका माणकातून, त्यामुळं भेग डोळ्याला दिसेनाशी होते. रस्त्यावर टाकायच्या लायकीची गिट्टी एका दिवसात लालबुंद ‘माणिक’ होते. घाऊक बाजारात असा माल कॅरेटला काही शे रुपयांतही मिळतो.

म्हणजे दुकानदार ‘हीटेड’ म्हणाला ते शब्दाला धरून खोटं नाही, काच भरायलाही खडा तापवावाच लागतो. पण त्या एका शब्दाच्या आड चार अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि माझा सगळा राग तिथंच आहे. बाकीच्या तीन उद्या लिहितो, आता दुकान बंद करायची वेळ झाली.

तोवर एक करा. खडा अंगठीतून काढू नका, दुकानात ‘पॉलिश करून देतो’ म्हणाले तरी देऊ नका. आहे तशी ठेवा.

पूर्वभाग

काका, उद्याची वाट बघतोय. माझं रंगखातं आहे, चादरीचं सूत रंगवतो. एक शंका. नुसतं तापवून रंग येतो कसा? आम्हाला तर बाहेरून रंग घातल्याशिवाय सूत लाल होत नाही. आणि तो येणारा रंग पक्का असतो का?

फुंकणी

मी मंगळवार पेठेत बसतो, खडे बसवायचं काम, वडिलांपासून. नाव नको.

ताई, तुमच्या अंगठीवर ज्यानं काम केलं तोही कारागीरच आहे आणि मला त्याचीही बाजू माहीत आहे. मालक अंगठी पुढ्यात टाकतो, म्हणतो तासाभरात पाहिजे, गिऱ्हाईक गावाला चाललंय. खडा काय आहे हे सांगत नाही. कारण त्यालाही माहीत नसतं ओ, खरं सांगतो. पण तरीही खडा न काढता आग लावणं ही चूक. आमच्या वडिलांचा नियम होता, हिरा सोडून कुठलाही खडा कोंदणात असताना फुंकणी उचलायची नाही. पाचू, मोती, पोवळं तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो, जी नव्या पोरांना कुणी शिकवत नाही. डाख देताना टाकणखार लावतो ना, तो टाकणखार तापलेल्या माणकाला आणि नीलमला खातो. होय, नऊ नंबरच्या कडकपणाच्या खड्याला. भट्टीत कधीच न गेलेला, एक नंबरचा, अस्सल खडा असला तरी. वरच्या पैलूवर बारीक खळगे पडतात, पाणी उतरतं, परत घासून घ्यावं लागतं आणि वजन जातं. मी हे माझ्या हातानं केलंय. १९९८ साल असेल, लग्नसराई, एका नीलमच्या अंगठीचा पंजा तुटलेला, खडा नीट झाकलाही नव्हता. भिंगातून बघितलं तर खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर देवीचे व्रण असावेत तसं झालेलं. तो खडा जयपूरला पाठवून घासून आणला, खर्च वडिलांनी दिला, मला एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं अजून लक्षात आहे.

तेव्हापासून मी बसूनच सांगतो: खडा काढतो, काम करतो, परत बसवतो, दोन दिवस लागतील. घाई असेल तर दुसरीकडे जा.

दहापट

फुंकणी यांनी टाकणखाराचं लिहिलं ते सोन्याच्या मोलाचं आहे. त्यातच आणखी एक कडी आहे. म्यानमारमध्ये मोंग शू इथं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माणिक सापडलं, त्याच्या पोटात निळसर-जांभळा गाभा असायचा. थायलंडच्या भट्टीत तापवलं की तो गाभा नाहीसा होऊन सरळ लाल खडा हाती यायचा. तापवताना टाकणखारासारखी द्रव्यं लावायचे. ती वितळून भेगेत शिरतात, भेगेच्या भिंती थोड्या विरघळवतात, आणि थंड होताना तिथं कुरुंदच परत जमून भेग सांधली जाते, पण मध्ये मध्ये काचेचे अंश उरतात. म्हणजे जो टाकणखार फुंकणी यांच्या हातून खडा खातो, तोच भट्टीत भेग सांधतो. ही झाली दुसरी गोष्ट: तापवलेलं, आणि भेगा सांधलेलं. शिशाच्या काचेपेक्षा हे कितीतरी टिकाऊ, पण नुसत्या तापवलेल्यापेक्षा खालच्या पायरीचं. सांगून विकलं तर यात गैर काही नाही.

आता पूर्वभाग यांची शंका. नुसतं तापवणं, म्हणजे पहिली आणि सगळ्यांत जुनी गोष्ट. श्रीलंकेत कोळशाच्या निखाऱ्यावर फुंकणीनं तापवून माणकातली निळी झाक काढायची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. त्याला फार तापमान लागत नाही. खरी उलथापालथ झाली १९७० च्या दशकात. श्रीलंकेत ‘गेउडा’ म्हणून दुधाळ, राखी रंगाचा खडा मिळायचा, कवडीमोल. आत बारीक सुयांची जाळी असते, टायटॅनियमच्या ऑक्साइडची. आम्ही तिला रेशीम म्हणतो. थाई व्यापाऱ्यांनी हा माल उचलला आणि सोळाशे-सतराशे अंशांत, जिथं ऑक्सिजन कमी आहे अशा भट्टीत तापवला. रेशीम विरघळलं. त्यातलं टायटॅनियम खड्याच्या अंगात पसरलं आणि तिथं आधीपासून असलेल्या लोहाला जाऊन मिळालं. दूध गेलं, निळा आला. बाहेरून काहीही घातलेलं नाही. रंगाची दोन्ही द्रव्यं खड्यात होतीच, फक्त एकमेकांपासून लांब होती.

हा रंग उन्हानं, साबणानं, वयानं जात नाही. आज जगातल्या बाजारात जे नीलम आणि माणिक विकलं जातं त्यातला बहुतेक माल असा तापवलेला असतो. तो अस्सल खडाच आहे. मी माझ्या मुलीच्या लग्नात तापवलेलाच नीलम दिला, तसं लिहून.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरून रंग घालणं. फिका खडा टायटॅनियमच्या पुडीत पुरून वितळायच्या जवळपास तापवतात, रंग कातडीतून आत शिरतो, पण अर्धा मिलिमीटरही जात नाही. खडा पाण्यासारख्या पण जड अशा एका द्रवात बुडवून बघितला की पैलूंच्या कडांना गडद रेघा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. परत घासला की रंग उतरतो.

चौथी तुमच्या अंगठीतली. काच.

पूर्वभाग

काका, आता लख्ख कळलं. आमच्याच धंद्यातलं आहे हे. सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते, कारण सूत आधी रंगवलेलं असतं आणि मग मागावर चढतं. कापा, उसवा, रंग आतपर्यंत तोच. छापील चादर उलटी केली की फिकी. गिऱ्हाईक म्हणून मी दोन्ही घेईन, पण छापीलला मागावर विणलेल्या जॅकार्डचा भाव देणार नाही. आणि तुमची चौथी म्हणजे फाटकी चादर खळ घालून, इस्त्री मारून घडी करून विकणं. पहिल्या धुण्यात कळतं.

दहापट

पूर्वभाग, हे मी यापुढं गिऱ्हाइकांना असंच सांगणार.

गुरुवार

माझा प्रश्न पुष्कराजचा. मला गुरूसाठी घालायला सांगितलं होतं. दुकानात दोन ट्रे होते, एक ‘सिलोनी’, एक ‘बँकॉक’. बँकॉक पुष्कराज सोनेरी, स्वच्छ आणि निम्म्याहून स्वस्त, म्हणून तो घेतला. गुरुजी नंतर म्हणाले की गरम केलेला खडा चालत नाही, त्यातली शक्ती जाते. माझी श्रद्धा आहे, कुणी त्यावरून बोलू नये ही विनंती. मला फक्त खरं काय आहे ते कळावं.

दहापट

श्रद्धेवर मी कधीच बोलत नाही, ती तुमची. उलट श्रद्धेनं घेणाऱ्याची फसवणूक जास्त होते म्हणून मला जास्त वाईट वाटतं. तुम्हाला न तापवलेलाच पाहिजे असतो, त्यासाठी तुम्ही दुप्पट-चौपट द्यायला तयार असता, आणि तुम्ही तो कधी विकायला जात नाही. खोटं बोलणाऱ्याला याहून सोपं गिऱ्हाईक नाही. म्हणून ग्रहासाठी घेणाऱ्यानं तर प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय एक रत्तीही घेऊ नये.

पुष्कराज म्हणजे पिवळं कुरुंद, माणिक-नीलमचंच भावंड. बँकॉक पुष्कराज हे खाणीचं नाव नाही, भट्टीचं नाव आहे. त्यात साधा तापवलेलाही असतो. सिलोनचे, म्हणजे श्रीलंकेचे, फिके खडे भरपूर हवेच्या भट्टीत तापवले की पिवळे होतात, तो रंग पक्का. पण त्या ट्रेमध्ये बहुतेकदा वेगळाच प्रकार असतो, आणि तो मी तिसऱ्या गोष्टीत लिहायचा मुद्दाम राखून ठेवला होता.

२००१ च्या अखेरीला नारिंगी-गुलाबी खडे अचानक ढिगानं बाजारात आले. हा रंग अतिशय दुर्मीळ, त्याला जगभर ‘पाडपराड्शा’ म्हणतात. शब्द आपलाच आहे, पद्मराग, सिंहलीतून फिरून गेलेला. आपल्याकडे मात्र पद्मराग म्हणजे माणिकच. इतका दुर्मीळ रंग एवढ्या संख्येनं कसा, म्हणून तज्ज्ञांनी शोध घेतला. थायलंडमध्ये चांथाबुरीच्या भट्ट्यांत मुशीत क्रायसोबेरिल नावाच्या दुसऱ्या खड्याचे तुकडे मिसळले जात होते. त्यातलं बेरिलियम उष्णतेनं सुटून कुरुंदात शिरत होतं. बेरिलियमचा अणू इतका लहान की टायटॅनियमसारखा कातडीवर अडकत नाही, खूप खोलवर, कधी खड्याच्या गाभ्यापर्यंतही जातो. फिका खडा सोनेरी होतो, गुलाबी खडा नारिंगी होतो. परत घासला तरी रंग सहसा उतरत नाही. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या व्यापारी संघटनेनं याबद्दल इशारा दिला आणि धंदा हादरला.

हे भिंगातून ओळखता येईलच असं नाही. लेझरनं खड्याचा अगदी सूक्ष्म कण उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजावी लागतात, ते यंत्र मोठ्या प्रयोगशाळेतच असतं. तुमच्या पुष्कराजला धोका काही नाही. रंग टिकेल, बोटाला अपाय नाही. पण तो ‘गरम केलेला’ असेल की ‘बेरिलियम घातलेला’, याचं उत्तर मी दुकानात बसून देणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सकाळची हुतात्मा

पुण्यात असते, मूळची सोलापूरचीच. यावर माझा साधा उपाय आहे. जुने दागिने वापरा. माझ्या आजीची नथ १९४० च्या आधीची, मधलं माणिक डाळिंबाच्या दाण्यासारखं, एक डाग नाही. तेव्हा थायलंडच्या भट्ट्याही नव्हत्या आणि काचही नव्हती. आणि घरच्या घरी दुधात टाकून बघायची पद्धत आहेच की, आमच्याकडे नीलम तसाच पारखला होता.

दहापट

ताई, दुधाच्या पद्धतीत निळी काच टाकली तरी दूध निळंच दिसतं. केस, फुंकर, दूध, यांतली एकही परीक्षा तापवलेला-न तापवलेला सोडाच, खडा आणि काच यांतलाही फरक सांगत नाही.

नथीचं लिहायला हात जड होतो, पण लिहितो. कृत्रिम माणिक १९०२ पासून बनतंय. फ्रान्समध्ये वेर्नई यांनी ज्योतीत अ‍ॅल्युमिनाची पूड वितळवून थेंबाथेंबानं माणकाची कांडी वाढवायची रीत काढली. घटक तोच, कडकपणा तोच, रंग तोच, फक्त जमिनीतून आलेलं नाही. काही वर्षांतच ते जगभर पसरलं, आपल्याकडच्या जुन्या नथींत, कुड्यांत, वज्रटिकेत सर्रास सापडतं. खडा मोठा, लालभडक आणि आत एकही डाग नाही, हे तीन एकत्र आले की मी आधी भिंग उचलतो. आत वाकलेल्या रेषा दिसतात का बघायच्या. जमिनीत वाढलेल्या खड्यातल्या रंगाच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात. ज्योतीत वाढलेल्यात कमानीसारख्या वाकतात, कारण वितळलेला माथा गोल असतो. सोबत गोल बुडबुडे असले तर प्रश्नच नाही.

असेलच असं म्हणत नाही. बघा एवढंच.

शेंगाचटणी

दहापट काका, मग न तापवलेला खडा तुम्ही भिंगातून कसा ओळखता? प्रयोगशाळा सोडून, तुमच्या डोळ्याला काय दिसतं?

दहापट

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण या कामातला आनंद तिथंच आहे.

रेशीम शाबूत असलं, सुया लांब, सलग, तीन दिशांनी साठ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या, तर खडा फार मोठ्या उष्णतेतून गेलेला नाही. तापवलेल्यात त्याच सुया तुटून ठिपक्यांची ओळ होते, पावसाच्या धारेची भुरभुर व्हावी तशी. आत झिर्कॉनचा कण असला तर उष्णतेनं फुगून त्याच्याभोवती गोल चकतीसारखी भेग पडते. काश्मीरच्या नीलमचं तर विचारूच नका. पाडरच्या डोंगरात १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला कडा कोसळला, खाण उघडी पडली आणि पाच-सहा वर्षांत मुख्य साठा संपला. त्याच्या निळ्यावर जी मखमल असते ती इतक्या सूक्ष्म कणांची की प्रकाश आत पसरतो. ती जन्मजात.

आणि एक खूण अशी आहे की जी सोलापुरात बसून बघताना मला दर उन्हाळ्यात फसवते. सिलोनच्या काही नीलमांत द्रव कार्बन डाय-ऑक्साइडनं भरलेली इवलीशी पोकळी असते, आणि त्या द्रवात एक बुडबुडा. खडा हलवला की बुडबुडा हलतो, भिस्तीच्या पखालीतल्यासारखा. भट्टीत असा खडा गेला तर आतला दाब ती पोकळी फोडून टाकतो. म्हणजे पोकळी शाबूत, तर जोराची भट्टी लागलेली नाही. पण कार्बन डाय-ऑक्साइडचा द्रव आणि वायू हा भेदच ३१ अंशांच्या वर उरत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी बेचाळीस असतं. बुडबुडा गायब! गेल्या वर्षी एक सुंदर निळा खडा मी असाच बाजूला ठेवला होता, आत काही नाही म्हणून. संध्याकाळी माठाजवळच्या ओल्या फडक्यावर ठेवला, पाच मिनिटांनी भिंग लावलं, तर बुडबुडा परत येऊन पोकळीच्या एका टोकाला टेकलेला. मी बायकोला हाक मारून दाखवला.

तरीही हे सगळं जोराच्या उष्णतेबद्दल. हजार अंशांच्या खालची हलकी शेक दिली असेल तर भिंग बहुतेकदा गप्प बसतं. तिथं अवरक्त किरणांच्या यंत्रात ३३०९ या आकड्यापाशी टोक दिसतं का वगैरे बघतात, आणि तेही दर वेळी बोलत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा ‘कधीच तापवलेला नाही’ असं लिहीत नाही. ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ असं लिहिते.

कंबर तलाव

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण पूर्ण सांगते.

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून मुंबईला गेले, अंगठी आहे तशीच प्रयोगशाळेत दिली. चार दिवसांनी कागद आला: नैसर्गिक माणिक, भेगांमध्ये शिशाच्या काचेचा भराव, प्रमाण जास्त, विशेष काळजी आवश्यक. खडा कोंदणात असल्यानं वजन अंदाजे दिलंय, कॅरेटमध्ये. दहापट काकांनी लिहिलं होतं तेच, अक्षरशः तेच.

कागद घेऊन दुकानात गेले. भांडायला गेले नव्हते. मालकांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, “मला ज्यानं माल दिला त्यानंही मला हीटेडच सांगितलं होतं.” मला ते खरं वाटलं. पण मी त्यांना म्हटलं, तुम्ही सात वर्षांत किती जणांना हा शब्द लिहून दिला असेल? त्यावर ते गप्प झाले. मी ग्राहक संरक्षण कायद्याचं आणि १९१५ या हेल्पलाइनचं वाचून गेले होते, त्याची वेळ आली नाही. खड्याची रक्कम परत देतो म्हणाले, काल दिली. पुढच्या मालाचं काय करणार विचारलं, तर म्हणाले काच भरलेला वेगळ्या पुडीत ठेवीन, तसं लिहीन. बघू.

एक मात्र सगळ्यांना सांगते. मी समजत होते की अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणजे सगळंच तपासलेलं आहे. तो शिक्का फक्त सोन्याचा आहे. खड्याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही.

शेंगाचटणी

ताई, बरं वाटलं. मी काल बायकोचा नीलम घेऊन दहापट काकांकडे जाऊन आलो. तापवलेला आहे, नुसता तापवलेला, काच नाही. त्यांनी ते वहीच्या पानावर लिहून दिलं, खाली ‘प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नव्हे’ असंही लिहिलं. आता नवीन काही घेताना बिलावर काय लिहून घ्यायचं तेवढं सांगा.

दहापट

खड्याचं नाव, नैसर्गिक की कृत्रिम, काय प्रक्रिया केली ते पूर्ण वाक्यात, आणि वजन कॅरेटमध्ये. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर एकच. रत्ती बाजारागणिक बदलते. ‘हीटेड’ लिहिलं असेल तर शेजारी ‘भेगांत काच नाही, बाहेरून रंग घातलेला नाही’ एवढं लिहून मागा. ज्याला लिहायला अडचण नाही त्याच्याकडून घ्या. घरी काच भरलेलं माणिक असेलच तर त्याला लिंबू, चिंच, तेजाब, आग यांपासून लांब ठेवा. आपल्याकडे दागिने लिंबानं उजळतात, त्या लिंबानंही ही काच खराब होते.

सकाळची हुतात्मा

काका, दहापटीचं भिंग घेतलं. खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर नथ धरून अर्धा तास बघत होते. रेषा आहेत. वाकलेल्या आहेत. एका कोपऱ्यात दोन गोल बुडबुडेही. आत्याला फोन केला तर म्हणाली, आजोबांनी ती मुंबईहून आणली होती, त्यांचा पहिला पगार होता, दुकानदारानं त्यांना ‘विलायती माणिक’ म्हणून सांगूनच दिलं होतं. आजोबांना माहीत होतं. आम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं. संक्रांतीला सोलापूरला येतेय, गड्ड्याच्या जत्रेला. तीच नथ घालणार.

कंबर तलाव

फुंकणी दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. आई नवीन खडा नको म्हणते. तिला तोच परत बसवून पाहिजे, त्या शिरांसकट. कडं वाढवलेलं आहेच, पण कोंदणाची कड एका बाजूला उचलली गेलीय, पदराला अडकते. तेवढी दाबून द्याल का? आग न लावता होईल?

फुंकणी

होईल ताई. ठोकणीनं बसवतो, आगीचं काम नाही. कड जाड असेल तर आधी थोडी कानस मारावी लागेल, खड्याला लागू देणार नाही. आईंना सोबत आणा, बोटाचं माप मी परत घेतो, सुजलेल्या पेराला दुपारचं वेगळं येतं. सकाळी अकराच्या आत या.